मंत्र्याची गाडी अडवली की लोकशाही वाचते की बुडते? (जादवपूर आणि आपण)

कट्ट्यावरचा_नाना

एका व्हॉट्सॅप ग्रुपवर जादवपूरवरून जुंपलीये, तिथे दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. १ मार्च २०२५, कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ. बंगालचे तेव्हाचे शिक्षणमंत्री ब्रात्य बसू तृणमूलच्या प्राध्यापक संघटनेच्या वार्षिक सभेला गेले होते. माणूस स्वतः नाटककार, पूर्वी कॉलेजात शिकवायचा, म्हणजे पोरांची सवय नाही असं नाही. डाव्या विद्यार्थी संघटनांची मुख्य मागणी, विद्यार्थी संघाच्या निवडणुका घ्या. आधी घोषणा, मग गाडी अडवणं, मग चाकातली हवा काढली, काच फुटली, मंत्र्यांना लागलं. गाडी निघताना एक विद्यार्थीही जखमी झाला.

आता साडेपाच वर्षं मागे जा. १९ सप्टेंबर २०१९, तेच विद्यापीठ. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री बाबुल सुप्रियो अभाविपच्या कार्यक्रमाला गेले. काळे झेंडे, 'गो बॅक', धक्काबुक्की, केस ओढले, कित्येक तास बाहेर पडू दिलं नाही. शेवटी राज्यपाल धनखड (तेच कुलपती) स्वतः गाडी घेऊन आत गेले आणि मंत्र्याला घेऊन आले, त्यांचीही गाडी अडवली. त्याच संध्याकाळी अभाविपवाल्यांनी विद्यार्थी संघाची खोली फोडली.

गंमत बघा, आमच्या ग्रुपवर २०१९ ला 'गुंडगिरी गुंडगिरी' म्हणून ओरडणारे दोघं २०२५ ला 'तरुणाईचा उद्रेक' म्हणतायत. आणि २०१९ ला 'फॅसिझमविरोधी प्रतिकार' म्हणणाऱ्या बाई आता 'पण ब्रात्यदा सुसंस्कृत आहेत हो' करतायत. आणि यावर कडी म्हणजे बाबुल सुप्रियो २०२१ मध्ये तृणमूलमध्ये गेले, पुढे तिथे मंत्रीपण झाले! म्हणजे आता त्यांचे केस ओढलेले चालतील की नाही ते कुणाला विचारायचं?

माझं मत साधं आहे. मंत्री कुठल्याही पक्षाचा असो, त्याला आत जाता आलं पाहिजे, बोलता आलं पाहिजे आणि बाहेर येता आलं पाहिजे. झेंडे दाखवा, घोषणा द्या, प्रश्न विचारून घाम फोडा. पण समोरच्याचं तोंडच दाबायचं असेल तर मग वादविवाद वगैरे गप्पा मारू नका.

वऱ्हाडी_ठेचा

पहिला नंबर माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलो बाप्पा.

मीनल_के

नाना, धागा चांगला आहे पण एक सांगा, मंत्र्यांना लागलं हे लिहिलंत, हॉस्पिटलात पडलेल्या पोराला मात्र अर्धं वाक्य. पोरं म्हणतात गाडी अंगावर घातली, मंत्र्यांची बाजू म्हणते तसं नाही झालं. त्या विद्यार्थ्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवा हे सांगायला हायकोर्ट लागलं. मंत्र्याच्या बाजूच्या तक्रारींना कोर्टात जावं लागलं होतं का?

मुद्दा हा आहे की दोन्हीकडचं वजन सारखं नाही. मंत्र्याकडे पोलीस आहेत, चॅनेल आहेत, विधानसभेत बोलायची सोय आहे, उद्या पत्रकार परिषद घेतली तर वीस माईक समोर येतात. पोराकडे गळा आहे आणि मंत्री कॅम्पसवर असतो तेवढे दोन तास. ते दोन तास गेले की निवेदन घेऊन मंत्रालयाच्या गेटवर उभे राहा, शिपाई शिक्का मारून देतो, संपलं. तुम्ही म्हणता बोलू द्या. अहो तो रोजच बोलतोय की. ऐकायचं कधी हा प्रश्न आहे.

सरळसोट

सरळ फोडून काढलं पाहिजे असल्यांना. करदात्यांच्या पैशावर शिकायचं आणि तिशी उलटली तरी हॉस्टेल सोडायचं नाही. इंदिरा गांधींनी बरोबर केलं होतं, आणीबाणीत जेएनयूमध्ये पोलीस घुसवून येचुरीला सगळ्यांसमोर माफी वाचायला लावली होती. फोटो आहे माझ्याकडे, ग्रुपवर आला होता. असं पाहिजे.

निवृत्त_मास्तर

सरळसोट, तो फोटो मीही चारदा तरी फॉरवर्ड होऊन आलेला पाहिलाय आणि गोष्ट बरोब्बर उलटी आहे. फोटो १९७७ चा आहे, आणीबाणी उठल्यानंतरचा. बाई निवडणूक हरल्या होत्या, पण जेएनयूचं कुलपतीपद सोडलं नव्हतं. पोरं मोर्चा घेऊन त्यांच्या घरावर गेली. त्या बाहेर आल्या, पोरांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या आणि सीताराम येचुरी, तेव्हा विद्यार्थी संघाचे अध्यक्ष, त्यांनी कागद काढून राजीनाम्याच्या मागणीचं निवेदन वाचून दाखवलं. त्यात आणीबाणीतल्या कारभाराचा सगळा पाढा होता. नंतर बाईंनी कुलपतीपद सोडलं.

माफी कुणी मागितली नाही, कुणाला कुणी मारलं नाही. आणि गंमत म्हणजे नानांच्या धाग्याला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. ज्या बाईनं या पोरांच्या मित्रांना तुरुंगात टाकलं होतं तिच्या दारात जाऊन त्यांनी वाचलं, आणि तिनं उभं राहून ऐकलं. दोघांनाही पटलेलं नव्हतंच.

सरळसोट

ठीके. फोटो कुठला का असेना, माझा मुद्दा तोच आहे.

वऱ्हाडी_ठेचा

हे भारी आहे. पुरावा उलटा निघाला तरी मुद्दा तोच. 😂

सॉल्टलेकचा_पाहुणा

मी बरीच वर्षं कोलकात्यात होतो, जादवपूरच्या एट-बी बस स्टँडला रोजचं जाणं, त्यामुळे थोडं लिहितो. बाहेरून बघताना वाटतं ही पोरं मंत्री दिसला की उठतात. पण मागचं माहीत नसेल तर काहीच कळत नाही.

२०१४ चा ऑगस्ट. कॅम्पसवर एका मुलीच्या विनयभंगाची तक्रार झाली. निष्पक्ष चौकशी करा म्हणून पोरांनी सप्टेंबरमध्ये कुलगुरूंना आणि कार्यकारी परिषदेला अरविंद भवनात घेराव घातला. १६ च्या मध्यरात्रीनंतर कुलगुरूंनी पोलीस बोलावले. पोलिसांनी पोरांना फरफटत काढलं, मुलींनापण, त्याचे व्हिडिओ आहेत. त्यातून 'होक कलरव' (म्हणजे होऊ दे गोंगाट) आंदोलन झालं, भर पावसात हजारो पोरं कोलकात्याच्या रस्त्यावर. चार महिने चाललं, जानेवारी २०१५ मध्ये ममता बॅनर्जी स्वतः कॅम्पसवर आल्या आणि कुलगुरू राजीनामा देतायत असं त्यांनीच पोरांना सांगितलं.

आता हे लक्षात ठेवा आणि २०१९ बघा. बाबुल सुप्रियो अडकलेत, राज्यपाल कुलगुरूंना (तोवर दुसरे होते, सुरंजन दास) फोन करून सांगतायत पोलीस बोलवा, आणि ते म्हणाले राजीनामा देईन पण पोलीस बोलावणार नाही. शेवटी ते आणि प्र-कुलगुरू दोघंही आजारी पडून हॉस्पिटलात गेले. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. अहो आधीच्या कुलगुरूची खुर्ची पोलिसांमुळेच गेली होती, कोण बोलावेल?

आणि निवडणुकीचं. बंगालमध्ये बहुतेक कॉलेजात विद्यार्थी निवडणूक २०१७ नंतर नाही. जादवपूरला शेवटची फेब्रुवारी २०२०. म्हणजे २०२५ ला गाडीसमोर उभं राहिलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाही विद्यार्थी संघाला मत दिलेलं नव्हतं. निवडून आलेला प्रतिनिधी नाही, त्यामुळे मंत्र्याशी अधिकृतपणे कुणी बोलायचं हेच ठरलेलं नाही. मग जो जास्त मोठ्यानं ओरडतो तो नेता.

रच्याकने, २०१९ ची एक गोष्ट कुणी सांगत नाही. ज्या पोरानं केस ओढले त्याचा फोटो सगळीकडे फिरला, बाबुलनी स्वतः टाकला होता. त्याची आई कॅन्सरची पेशंट. तिनं टीव्हीवर हात जोडून सांगितलं पोराला माफ करा. बाबुलनी जाहीरपणे उत्तर दिलं की मावशी काळजी करू नका, तुमच्या मुलाचं माझ्याकडून काही वाईट होणार नाही. राजकारण असेल, मान्य. तरी बरं वाटलं होतं तेव्हा.

मीनल_के

+१ पाहुणे. तुम्ही मंत्र्यांच्या गाडीच्या काचेवर न थांबता मागचं सांगितलंत.

गडहिंग्लजकर

आयला सगळे बंगालवरच घसरलाय. मी जरा आपल्याकडचं काढतो, कुणाला टोचलं तर टोचू दे.

नाना तुमचं म्हणणं की बोलू द्या, सभा उधळू नका. बरं. नोव्हेंबर १९५५, चौपाटी. स. का. पाटील आणि मोरारजी देसाई सभेला उभे राहिले आणि मुंबई महाराष्ट्राला पाच हजार वर्षांत मिळणार नाही असं पाटील बोलून गेले. पब्लिकनं काय केलं? शांतपणे हात वर करून 'महोदय, एक शंका' असं विचारलं व्हय? दगड, चपला, सभा उधळली पार. दुसऱ्या दिवशी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला मोर्चा आणि गोळीबार, पंधरा माणसं मेली. आज आपण हुतात्मा चौकात फुलं वाहतो, आणि चौपाटीची सभा कशी उधळली ते आमचा आजोबा मिशीला पीळ देऊन सांगायचा. तवा कुणी म्हटलं नाही लोकशाही बुडाली म्हणून.

आणि त्याच्या आधीचं पण घ्या. १९०७ सुरत काँग्रेस. जहाल मवाळ एका मांडवात, टिळक व्यासपीठावर हात बांधून उभे, खाली उतरायला तयार नाहीत, आणि मांडवातनं एक जोडा आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. दख्खनी जोडा होता म्हणतात, लाल चामड्याचा. म्हणजे भर सभेत जोडा फेकायचा शोध जादवपूरला लागलेला न्हाई, आपलं पेटंट आहे त्यावर.

तर मग मला सांगा, आपला तो आंदोलक आणि दुसऱ्याचा तो गुंड, असं किती दिवस चालायचं?

कट्ट्यावरचा_नाना

गडहिंग्लजकर, वाटच बघत होतो कुणी चौपाटी काढतंय का.

माझं उत्तर असं की चौपाटीची सभा उधळली म्हणून महाराष्ट्र नाही मिळाला. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, दिल्लीला समजलं की मतं जातायत, मग तीन वर्षांनी १ मे १९६०. त्या मधल्या काळात समितीच्या ज्या सभा झाल्या त्या बघा, अत्रे बोलायला उभे राहिले की शिवाजी पार्कावर लाखालाखाची गर्दी, हसून हसून मुरकुंडी, आणि मोरारजींच्या सगळ्या मुद्द्यांची सालं काढलेली. ज्याच्याकडे अत्रे आहेत त्याला दगड कशाला पाहिजे? दगडाचं आपण कौतुक करतो कारण नंतर जिंकलो. हरलो असतो तर तोच दगड इतिहासात 'अनुचित प्रकार' म्हणून गेला असता.

आणि सुरतेच्या जोड्याचं म्हणाल तर त्यातून काय मिळालं? काँग्रेस फुटली, पुढच्या वर्षी टिळक मंडालेला, आणि १९१६ च्या लखनौपर्यंत दोन्ही गट एकत्र आले नाहीत. नऊ वर्षं गेली.

गडहिंग्लजकर

अत्रे सगळ्यांकडं नसतो नाना, तीच तर अडचण हाय.

अ‍ॅडव्होकेट_बुवा

कायद्याचं थोडं टाकतो, कारण वर सगळे घेराव हा जणू हक्क असल्यासारखं बोलतायत.

घटनेच्या १९ व्या कलमात शांततेनं, शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क आहे. काळा झेंडा त्यात बसतो, घोषणा बसतात. माणसाला कोंडून ठेवणं बसत नाही. १९६७ मध्ये बंगालमध्ये संयुक्त आघाडीचं सरकार आलं तेव्हा कारखान्यांत घेरावांचा पूर आला होता, मॅनेजरला केबिनमध्ये कोंडायचं, पंखा बंद, पाणी बंद. तेव्हाच्या कामगारमंत्र्यांनी, सुबोध बॅनर्जींनी, चक्क परिपत्रकच काढलं की घेराव झाला तर पोलिसांनी आधी आमच्याकडे कळवायचं, थेट जायचं नाही. कलकत्ता हायकोर्टानं त्याच वर्षी ते परिपत्रक रद्द केलं आणि सांगितलं की घेरावात माणसाला अडवून ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे, मागणी कितीही न्याय्य असली तरी. आता भारतीय न्याय संहितेत १२६ आणि १२७ ही कलमं त्यासाठी आहेत.

एवढं असून माझं वैयक्तिक मत सांगतो. गुन्हा आहे म्हणून प्रत्येक वेळी गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं नाही. वीस वर्षांच्या पोरावर केस लागली की पासपोर्ट अडतो, सरकारी नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन अडतं, आणि खटला आठ-दहा वर्षं चालतो. कोर्टाच्या जिन्यावर असे चाळिशीतले 'विद्यार्थी' मी बघितलेत, केस कॉलेजातली, आता पोरगं शाळेत. २००५ ला मनमोहन सिंग जेएनयूत गेले होते, १४ नोव्हेंबरला, नेहरूंच्या पुतळ्याच्या कार्यक्रमाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारतानं इराणविरुद्ध मत दिलं म्हणून पोरांनी काळे झेंडे दाखवले, भाषणात घोषणा दिल्या. त्यांनी भाषण पूर्ण केलं, त्यात तुझं मत पटलं नाही तरी ते मांडायच्या तुझ्या हक्कासाठी लढेन हेसुद्धा बोलले. पंतप्रधानाला झेंडे दाखवून पण सभा झाली, हे होऊ शकतं.

मीनल_के

हे उदाहरण आवडलं. पण त्यात मोठेपणा मनमोहन सिंगांचा जास्त, हे मान्य करा. दुसरा कुणी असता तर?

सायली_मेलबर्न

मी नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते.

इकडे ऑस्ट्रेलियात २०१४ ला हेच झालं होतं आणि मी तेव्हा इथे मास्टर्स करत होते, त्यामुळे फीचा विषय माझ्यासाठी जिवाचा. एबीसी चॅनेलवर सोमवारी रात्री 'क्यू अँड ए' नावाचा कार्यक्रम असायचा, मंत्री, विरोधक, लेखक वगैरे पॅनेलवर आणि समोर बसलेली साधी माणसं प्रश्न विचारतात, सगळं लाइव्ह. ५ मेच्या भागात शिक्षणमंत्री क्रिस्टोफर पाइन होते. मध्येच प्रेक्षकांतली काही पोरं उठली, बॅनर उघडला, घोषणा सुरू केल्या, थांबेचनात. चॅनेलनं चक्क प्रक्षेपण तोडलं आणि जुन्या भागातलं एक गाणं लावलं! परत आल्यावर सूत्रसंचालक टोनी जोन्स म्हणाले की याला लोकशाही म्हणत नाहीत.

आठवड्यानं बजेट आलं आणि पोरांची भीती खरी निघाली, विद्यापीठांचं अनुदान कापणार आणि फी किती लावायची ते विद्यापीठांवर सोडणार. मग काय, परराष्ट्रमंत्री ज्यूली बिशप सिडनी युनिव्हर्सिटीत गेल्या तर धक्काबुक्की. पंतप्रधान अ‍ॅबट आणि पाइन जीलाँगच्या डीकिन युनिव्हर्सिटीत येणार होते, पोलिसांच्या सल्ल्यावरून दौराच रद्द. आमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये रात्री बारापर्यंत वाद चालायचे, अर्धे म्हणायचे बरं झालं, अर्धे म्हणायचे आता सगळी चर्चा तुमच्या आरडाओरड्यावर होणार, फीवर कुणी बोलणार नाही. आणि तसंच झालं, दोन-तीन दिवस पेपरात सगळे 'हल्ली पोरांना शिस्त नाही' हेच लिहीत होते. एक चिनी मुलगी भात परतता परतता म्हणाली, माझी फी आधीच तुमच्या तिप्पट आहे, माझ्यासाठी कधी बॅनर लावलात? सगळे गप्प.

पुढचं महत्त्वाचं. फीचं ते विधेयक पास झालंच नाही. डिसेंबर २०१४ ला सिनेटमध्ये ३३ विरुद्ध ३१ नं पडलं, मार्च २०१५ ला परत आणलं, परत पडलं. छोट्या पक्षांच्या आणि अपक्ष सिनेटरांच्या मतांवर सगळं अडलं होतं. आता ती मतं बॅनरमुळे फिरली का? मला नाही वाटत. पण मे महिन्यात एवढा गोंगाट झाला नसता तर विषय डिसेंबरपर्यंत जिवंत राहिला असता का, तेही मला खात्रीनं सांगता येणार नाही. त्यामुळे नानांसारखं ठाम बोलायला मला जमत नाही.

कट्ट्यावरचा_नाना

सायलीताई, वाचनमात्र राहू नका हो, असे प्रतिसाद लिहा.

सरळसोट

म्हणजे तिकडेपण तेच. गोऱ्या पोरांनी केलं की चळवळ.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, त्यायले पण तिकडे शिव्याच पडल्या ना, वाचून त पाहा पूर्ण.

माह्यं म्हणणं येगळंच हाये. आपल्याकडे पोट्ट्यायनं कधी बिना गोंधळाचं काही भेटलं का ते सांगा. मार्च २०२१, एमपीएससीची पूर्वपरीक्षा १४ तारखेला, अन् तीन दिवस आधी सांगतात पुढं ढकलली, कोरोना. पुण्यात नवी पेठेत पोट्टे रस्त्यावर बसले, दुसऱ्या दिवशी नवीन तारीख आली, २१ मार्च. एका दिवसात! २०२३ ले लेखी परीक्षेचा नवा पॅटर्न २०२५ पासून लावा म्हणून बसले, रात्री पवार साहेब भेटाले आले, दोन-तीन दिवसांत आयोग मानला. माह्या मावसभाऊ होता त्यात. तो म्हणे दादा तीन महिने ईमेल केले, निवेदन देल्लं, ट्विटरवर हॅशटॅग केला, काही नाही झालं. रस्त्यावर बसलो त दोन दिवसांत झालं. आता त्याले सांगून पाहा तू संवाद कर म्हणून. तो काय शिकला? रस्त्यावर बसल्याशिवाय कोणी पाहतच नाही. हे त्याले आपणच शिकवलं न.

फरक एवढाच की तिथं कोणत्या नेत्याची काच फोडली नाही. उलट नेतेच आपली गाडी घेऊन फोटो काढाले येत होते.

निवृत्त_मास्तर

ठेचा यांचा प्रतिसाद मला या धाग्यातला सगळ्यात खरा वाटला.

मी तीसेक वर्षं कॉलेजात काढली, कॉलेजचं नाव सांगत नाही. आमच्याकडे एकदा निकालातल्या घोळावरून पोरांनी प्राचार्यांना केबिनमध्ये कोंडलं. मी आतच होतो, सह्या घ्यायला गेलो आणि अडकलो. सर डायबेटिसचे. दुपारचे दोन वाजले, जेवण नाही, त्यांचा हात थरथरायला लागला. दाराशी उभा असलेला पोरगा, नेहमी मागच्या बाकावर बसणारा, त्यानं ते बघितलं आणि मागं वळून ओरडला, 'ए, सरांचा डबा आण रे त्यांच्या गाडीतला.' डबा आला. सर जेवले. पोळीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी त्या पोराला विचारलं, तुझा नंबर काय, किती मार्क चुकलेत. त्यानं सांगितलं. यादी तिथेच सुरू झाली, एकेक पोरगा आत येऊन सीट नंबर लिहून देऊ लागला. पाच वाजता घेराव संपला तेव्हा टेबलावर दीडशेच्या वर नावं होती, आणि विद्यापीठाला ती दुरुस्त करावी लागली.

आता या पोरांकडे निवडून आलेला कुणी प्रतिनिधी होता का? नव्हता. महाराष्ट्रात १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे १९९४ च्या कायद्यानं थेट निवडणुकाच बंद झाल्या. जास्त मार्क मिळवणाऱ्याला प्रतिनिधी नेमायचं. म्हणजे ज्याला मार्कांचा घोळ कधीच बाधत नाही तोच मार्कांच्या घोळावर बोलणार! २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आणल्या, २०१९ ला घेणार म्हणून जाहीर झालं, विधानसभा आली आणि पुढे ढकलल्या, त्यानंतर कोरोना, आणि मग विषय निघेचना. खर्चाची मर्यादा, वय, हजेरी, सगळं लिंगडोह समितीनं २००६ मध्येच घालून दिलंय, उमेदवाराला ५,००० रुपयांच्या वर खर्च नाही. नियम तयार आहेत. सरकार कुठल्याही पक्षाचं असू दे, त्याला पोरांनी मत दिलेलं नको असतं.

तर बंगालला हसायचं कारण नाही. त्यांनी निवडणूक बंद असताना गाडी अडवली. आपल्याकडे पोरं गाडीसुद्धा अडवत नाहीत, ती सरळ क्लासला जातात आणि आपापल्या पक्षाच्या दहीहंडीत थर लावतात. सभ्यपणा म्हणायचा असेल तर म्हणा.

अ‍ॅडव्होकेट_बुवा

मास्तर, डब्याची गोष्ट छान, पण दुसऱ्या कॉलेजात तोच हात थरथरला असता आणि डबा आला नसता. कायदा त्या दुसऱ्या कॉलेजासाठी असतो.

निवृत्त_मास्तर

हे बरोबर. मी घेरावाची वकिली करत नाहीये. त्या दिवशी दाराशी दुसरा कुणी असता तर काय झालं असतं याचा विचार मला अजून कधीकधी रात्री येतो.

कट्ट्यावरचा_नाना

मीनलताई, एक थेट प्रश्न. २०१९ मध्ये तुम्ही जादवपूरला विद्यार्थिनी आहात आणि बाबुल सुप्रियो येतायत. काय केलं असतंत? पक्ष विसरून सांगा.

मीनल_के

पक्ष विसरणार नाही, पक्ष असतोच. पण सांगते. गेटवर काळा झेंडा घेऊन उभी राहिले असते, घसा बसेपर्यंत ओरडले असते. हॉलच्या दारात आडवी झाले नसते. आत जाऊन पुढच्या रांगेत बसले असते आणि प्रश्न विचारला असता. केस ओढणाऱ्याचा हात मी स्वतः धरला असता, कारण त्या एका फोटोनं आमच्या सगळ्या मागण्या खाऊन टाकल्या.

पण नाना, आता तुम्ही सांगा. प्रश्न घेतलाच नाही तर? आपल्याकडे मंत्र्यांच्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरं किती वेळा बघितलीत? दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, चाळीस मिनिटं भाषण आणि 'साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचंय'. पोरांना ऊन्हात दोन तास आधी आणून बसवायचं, टाळ्यांसाठी. तिथे लोकशाही चर्चेचा आदर पोरांनीच दाखवायचा का फक्त?

कट्ट्यावरचा_नाना

हे मान्य. श्रीफळवाल्या कार्यक्रमाला मी चर्चा म्हणतच नाही. मंत्री कॅम्पसवर येणार असेल तर निम्मा वेळ प्रश्नांना, अशी अट विद्यापीठानंच घातली पाहिजे, नसेल मंजूर तर येऊ नका. ही अट घातली की दाराबाहेर काच फोडणाऱ्याला आपण ठणकावून सांगू शकतो की बाबा आत माईक आहे, आत ये. आत माईकच नसेल तर माझा मूळ मुद्दा लंगडा पडतो हे खरं.

निवृत्त_मास्तर

करून बघितलंय. पोरांकडून आधी चिठ्ठ्या मागवतात, त्या संस्थेचा सेक्रेटरी वाचतो, आणि मग स्टेजवर प्रश्न येतो तो असा, 'साहेब, आपल्या यशाचं रहस्य काय?'

मीनल_के

म्हणून चिठ्ठ्या नकोत. माईक फिरवायचा, आणि ज्याच्या हातात माईक त्याच्या खांद्यावर दोन मिनिटं कुणी हात ठेवायचा नाही.

निवृत्त_मास्तर

दोन मिनिटं फार होतात, पोरं प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकतात. एक मिनिट.

वऱ्हाडी_ठेचा

चालते. पण मंग मंत्र्याले पण उत्तराले एकच मिनिट द्या.